म्हाताऱ्या सशाची लघवी : रोज पाहा, वेळीच ओळखा



बैल लघवीला अडला तर ते ओळखायला तुम्हाला कुणी शिकवावे लागत नाही. तो पाय ताणून उभा राहतो, शेपूट हलवतो, कुंथतो, वैरणीला तोंड लावत नाही. घरातला म्हातारा माणूसही सांगतो, "याची लघवी तुंबली, डॉक्टरला बोलवा." पण घरात ससा असेल आणि तोच असा अडला, तर किती जणांच्या लक्षात येईल? ससा ओरडत नाही, पाय आपटत नाही. कोपऱ्यात गप्प बसून राहतो. आपण म्हणतो, म्हातारा झालाय, पडून राहतोय. आणि दुसऱ्या दिवशी तो मेलेला सापडतो.

ससा आपल्या घरी आला कुठून, हेही पाहू. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. अनेक गावांत गोठे कमी झाले, सोसायट्या वाढल्या आणि फ्लॅटमध्ये मुलांच्या हौशीसाठी पांढरे ससे आले. मूल मोठे झाले, परीक्षा आल्या, की पुष्कळदा तो ससा पनवेल-उरणकडे मामाच्या किंवा आजीच्या घरी येतो. "तुमच्याकडे गवत आहे, राहील तिथे," असे म्हणून मंडळी मोकळी होतात. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षे जगतो. म्हणजे तुमच्याकडे येतो तेव्हा तो बहुधा अर्धे आयुष्य संपवूनच आलेला असतो. पाच-सहा वर्षांपुढचा ससा म्हातारा धरावा, आणि त्याची लघवी रोज पाहावी. ती कशी पाहायची आणि काय दिसले तर काय करायचे, ते या पत्रकात दिले आहे.

बैल वेगळा, ससा वेगळा

बैलाची व बोकडाची मूत्रनळी लांब, अरुंद आणि वळणाची असते. खडा त्या वळणात अडकतो. बोकडाला धान्य आणि कोंडा फार झाला की अंगात फॉस्फरस वाढतो व त्याचे खडे होतात. म्हणून तिथे डॉक्टर खुराक कमी करायला सांगतात, कधी आंबोणात चुनखडीची भुकटी, कधी नवसागराच्या जातीचे औषध देतात.

सशाचे गणित उलटे आहे. इतर जनावरे चाऱ्यातले कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश, अंगाला लागेल तेवढाच आतड्यातून घेतात. उरलेला शेणावाटे जातो. ससा मात्र चाऱ्यात असेल त्या मानाने घेत राहतो आणि जास्तीचा चुना लघवीवाटे बाहेर टाकतो. म्हणून सशाची लघवी मुळातच गढूळ असते. पिंजऱ्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तो हाच चुना. त्यावर लिंबू पिळून पाहा, फसफसेल.

तेव्हा बोकडाची चुनखडी सशाला दिली तर आगीत तेल ओतल्यासारखे होईल. लघवी आंबट करण्याच्या औषधांचाही सशाला उपयोग होत नाही. गोठ्यातला उपाय सशावर करू नका, हे पहिले सांगणे.

म्हातारपणी काय बिघडते

ज्या विहिरीचा उपसा चालू आहे तिच्यात गाळ फारसा साचत नाही. उपसा थांबला की गाळ बसतो. सशाच्या मूत्राशयाचे तसेच आहे. तरुण ससा उड्या मारतो, पाणी पितो, मागचा भाग उचलून पूर्ण लघवी करतो. चुना लघवीबरोबर निघून जातो.

म्हातारपणी कंबर व मागचे सांधे धरतात. मागचा भाग उचलता येत नाही. पाण्याचे भांडे दूर असले तर तो पाणी प्यायलाही उठत नाही. अंगावर चरबी असेल तर आणखी जड जाते. मग मूत्राशय पुरते रिकामे होत नाही, तळाला चुन्याचा गाळ साचतो. आधी तो पातळ असतो, नंतर दात घासायच्या पेस्टसारखा घट्ट होतो, आणि कधी त्याचा खडा बनतो. लघवी साचून राहिली की जंतूंचेही फावते.

शिवाय तीन कारणे वेगळी आहेत.

मूत्रपिंडे थकली की ससा एकदम फार पाणी पिऊ लागतो, भरपूर पातळ लघवी करतो आणि वाळत जातो.

एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा एक सूक्ष्म परजीवी सशाच्या मूत्रपिंडात व मेंदूत घर करतो. त्याने मान वाकडी होते, मागचे पाय लुळे पडतात, लघवी नकळत गळते. तो लघवीतून दुसऱ्या सशाला लागतो. ज्या माणसाची प्रतिकारशक्ती फार कमी झाली आहे त्यालाही तो क्वचित बाधू शकतो. म्हणून घरात अशक्त, मोठे औषधोपचार चालू असलेले माणूस असेल तर त्याने पिंजरा साफ करू नये. बाकीच्यांनी काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

तिसरे कारण मादीचे. नसबंदी न केलेल्या मादीला तीन-चार वर्षांनंतर गर्भाशयात गाठ होणे हा अगदी नेहमी आढळणारा रोग आहे. तिच्या लघवीत रक्त दिसले तर ते लघवीच्या जागेतून नव्हे, गर्भाशयातून आलेले असण्याचा मोठा संभव असतो. "उष्णता झाली असेल" म्हणून ते सोडून देऊ नका.

निरोगी लघवी कशी दिसते

पिंजऱ्यात आठवड्यातून दोन-तीनदा जुने पांढरे फडके अंथरा आणि सकाळी पाहा.

फिकट पिवळी, किंचित गढूळ, दुधट लघवी ठीक आहे. तपकिरी, नारिंगी, कधी विटेसारखी लालसर लघवी दिसली तरी लगेच घाबरू नका. चाऱ्यातल्या रंगाने आणि सशाच्या अंगातल्या रंगद्रव्याने ती तशी होते आणि काही दिवसांत पुन्हा साधी होते. असा रंग सगळ्या लघवीला सारखा असतो. पिवळ्या लघवीत लाल ठिपका, धार किंवा गुठळी वेगळी दिसली तर ते रक्त समजावे. शंका आली तर थोडी लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन डॉक्टरांकडे न्या. ते कागदाची पट्टी बुडवून क्षणात सांगतील.

पाण्याचाही अंदाज ठेवा. दोन किलो वजनाचा ससा दिवसाला साधारण १०० ते ३०० मिलिलिटर पाणी पितो. ओला चारा जास्त असेल तेव्हा कमी पितो. रोज सकाळी मोजून पाणी ठेवले तर वाढ-घट लगेच कळते.

धोक्याच्या खुणा

या खुणा दिसल्या तर दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा :

१. मागचे पाय व बूड सारखे ओले राहते, तिथले केस पिवळे पडून चिकटतात, उग्र वास येतो.

२. लघवी घट्ट, वाळूसारखी किंवा पेस्टसारखी पडते.

३. ठरलेला कोपरा सोडून ससा कुठेही, बसल्या जागी लघवी करतो.

४. पाणी पिणे एकदम वाढले किंवा घटले.

५. वजन उतरते आहे. दर आठवड्याला वजन करा. दोन किलोचा ससा अठराशे ग्रॅमवर आला तर त्याच्या अंगाचा दहावा हिस्सा गेला. माणसाच्या हिशेबाने साठ किलोचा गडी चोपन्नवर आला.

आणि यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी धावपळ करा :

१. ससा पुन्हा पुन्हा लघवीला बसतो, कुंथतो, पण थेंबच पडतो किंवा काहीच पडत नाही.

२. पाठ कमानीसारखी करून, डोळे अर्धे मिटून, दात करकर वाजवत बसतो. सशाचे हे दुखण्याचे बोलणे आहे.

३. लघवीत उघड रक्त किंवा गुठळ्या आहेत.

४. दहा-बारा तास काही खाल्लेले नाही, लेंड्या पडलेल्या नाहीत. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. दुखण्याने खाणे थांबले की आतडे थांबते, आणि मूळ रोगाआधी तेच त्याचा जीव घेते.

५. बुडाशी अळ्या दिसतात.

लघवी अडली असे वाटले तर

पोट दाबून पाहू नका. मूत्राशय भरलेले असेल तर ते फुटू शकते.

पिचकारीने बळेच पाणी पाजू नका. वाट बंद असताना पाणी भरत राहिले तर त्रास वाढतो. समोर भांडे असू द्या, त्याला वाटले तर पिईल.

घरातले औषध देऊ नका. माणसाची वेदनेची गोळी नको, गोठ्यातले औषध नको. पेनिसिलीन, ॲम्पिसिलीन, ॲमॉक्सिसिलीन ही औषधे सशाला तोंडाने दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावतो. औषध कुत्र्याला चालले म्हणजे सशाला चालेल असेही नाही. कुत्र्याच्या पिसवा-गोचिडांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा फवारा सशाला विषारी ठरतो.

काय करावे? हवा खेळणाऱ्या खोक्यात किंवा टोपलीत पोते अंथरून त्याला ठेवा. सोबत मूठभर गवत टाका. उचलताना कान धरू नका. एक हात छातीखाली आणि एक बुडाखाली घ्या. मागचा भाग लोंबकळला आणि त्याने जोराची लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडतो. शेवटची लघवी कधी झाली, काय खाल्ले, कोणते औषध दिले, हे चिठ्ठीवर लिहून न्या.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून विचारा. खासगी डॉक्टरांकडे जाणार असाल तर "ससे तपासता का?" हे आधी विचारा, कारण गाई-म्हशींच्या सगळ्याच डॉक्टरांना सशाची सवय नसते. परळला १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला लागून बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे. पनवेलहून लोकलने कुर्ल्याला उतरून परळची गाडी धरता येते.

डॉक्टर काय करतील

लघवी तपासतील आणि एक्स-रे काढतील. चुन्याचा खडा व गाळ एक्स-रेत पांढरा स्वच्छ दिसतो, त्यामुळे निदान बहुधा लगेच होते. दुखणे कमी करण्याचे औषध देतील, कातडीखाली सलाईन देतील. गाळ असेल तर भूल देऊन नळीने मूत्राशय धुतात. खडा मोठा असेल तर शस्त्रक्रिया लागते.

शस्त्रक्रियेपूर्वी कुणी "रात्रभर उपाशी ठेवून आणा" असे सांगितले, तर ससा आहे हे सांगून पुन्हा विचारा. सशाला उलटी होत नाही, आणि उपासाने त्याचे आतडे थांबते. म्हणून कुत्र्या-मांजरासारखे त्याला उपाशी ठेवत नाहीत.

पावसाळ्यातला मोठा धोका : अळ्या

आपल्या कोकणपट्टीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत काही म्हणजे काही वाळत नाही. लघवीने भिजलेल्या बुडावर माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात. त्या जिवंत कातडी पोखरतात. म्हातारा ससा वळून स्वतःला चाटू शकत नाही. त्याच्या मऊ लेंड्याही बुडाला चिकटून राहतात. मग माश्यांना आयतेच आमंत्रण.

म्हणून पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ त्याचे बूड पाहा. ओले असेल तर कोमट पाण्याने तेवढाच भाग धुवा आणि मऊ फडक्याने अगदी कोरडा करा. साऱ्या सशाला आंघोळ घालू नका. तो गारठतो आणि घाबरून हबकतो. चिकटलेले केस जपून कापा, सशाची कातडी कागदासारखी पातळ असते. पिंजऱ्याला बारीक जाळी लावा.

अळ्या पडल्याच तर बैलाच्या जखमेत घालतात तसे टर्पेंटाईन किंवा फिनेल घालू नका. दिसतील तेवढ्या चिमट्याने काढा आणि तसेच डॉक्टरांकडे जा.

चारा आणि पाणी : निम्मा इलाज इथेच

रोजचा मुख्य चारा गवताचा असावा. भातकापणीच्या सुमारास माळावरचे गवत कापून नीट वाळवून ठेवले तर सशाला वर्षभर पुरते. त्याच्या अंगाएवढा ढीग रोज समोर असू द्या. हरळी, गिनी गवत, बांधावरचे कोवळे गवत चालते. बुरशी आलेले, कुबट वासाचे गवत मात्र उकिरड्यावर टाका. भाताचा पेंढा खाली अंथरायला चांगला, पण चारा म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

गवतापेक्षा द्विदल चाऱ्यात चुना जास्त असतो. म्हणून लसूणघास म्हाताऱ्या सशाला रोजचा चारा म्हणून देऊ नये. वालाचा पाला, शेवग्याचा पाला, कढीपत्ता यांचेही तेच. सुबाभूळ तर मुळीच नको, त्यात सशाला बाधणारे द्रव्य असते. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, फ्लॉवरचा पाला आलटून-पालटून थोडा द्यावा. बाजारातला पाला फवारणीचा असतो, तेव्हा दोन पाण्यांनी धुवा आणि पाणी न झटकता ओलाच द्या. तेवढेच पाणी पोटात जाते.

बाजारातले गोळी खाद्य दोन किलोच्या सशाला दिवसाला दोन मोठे चमचे पुरे. वाडगाभर गोळी, पोळी, बिस्किट, भात हे लाड त्याच्या मुळावर येतात. शेळीची क्षारांची वीट पिंजऱ्यात टांगू नका. भिंतीचा चुना चाटत असेल तर पिंजरा हलवा. पण म्हणून चुन्याचा अंश सगळाच तोडायचा नाही. दात आणि हाडे त्यावरच आहेत. गवतातून मिळतो तेवढा त्याला पुरतो.

पाणी बाटलीच्या नळीने देण्यापेक्षा जड, उथळ कुंड्यात द्या. कुंड्यातून ससा जास्त पाणी पितो. म्हाताऱ्या सशासाठी दोन ठिकाणी पाणी ठेवा, एक बसायच्या जागेजवळ. एप्रिल-मेच्या उकाड्यात दिवसातून दोन-तीनदा गार पाणी बदला. ३० अंशांवरचा उन्हाळा सशाला सोसत नाही. पत्र्याच्या छपराखाली त्याला ठेवू नका.

बसायची जागा

जाळीच्या तळावर म्हाताऱ्याचे पाय सोलतात. खाली पोते किंवा पेंढा टाका आणि ओला झालेला रोज बदला. लघवीच्या परातीची एक कड खाली हवी. दोन बोटांची पायरीही त्याला डोंगर वाटते. रोज तासभर त्याला अंगणात किंवा पडवीत मोकळे सोडा, मात्र कुत्र्या-मांजरापासून राखण ठेवा. चालल्याने गाळ हलतो आणि लघवी मोकळी होते.

खर्च करावा का?

हा प्रश्न मनात येतोच, आणि तो विचारण्यात काही चूक नाही. ससा दूध देत नाही, नांगर ओढत नाही. त्यात तो म्हातारा. "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला" असे शेजारी म्हणतील.

त्याचे उत्तर असे. या पत्रकातले बहुतेक उपाय फुकटचे आहेत : गवत, कुंडाभर पाणी, कोरडे पोते आणि दिवसाची पाच मिनिटे. लवकर ओळखले तर बहुधा एक्स-रे, सलाईन आणि काही दिवसांचे औषध यांवर भागते. उशीर झाला तर शस्त्रक्रिया येते. म्हणजे पैसा वाचवायचा तर लवकर जावे.

आणि शस्त्रक्रिया झेपण्यासारखी नसेल, किंवा मूत्रपिंडे संपली असे डॉक्टरांनी सांगितले, तर लाजू नका. तसे स्पष्ट सांगा. वेदनेचे औषध देऊन शेवटचे दिवस सुखाचे करता येतात. तेही जमण्यासारखे नसेल तर डॉक्टर इंजेक्शनने त्याला शांतपणे झोपवतात. आपण म्हाताऱ्या बैलाला दावणीला अन्नपाण्यावाचून मरू देत नाही. ज्या मुलाने तो ससा लहानपणी मांडीवर घेतला, त्याला फोन करून सांगा आणि त्यालाही येऊ द्या. ससा पिंजऱ्यात दोन दिवस लघवी कोंडून तडफडून मरावा, एवढे मात्र होऊ देऊ नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

• रोज : पाणी मोजा, लघवी व लेंड्या पाहा, बूड कोरडे आहे का ते पाहा.

• दर आठवड्याला : वजन करा.

• पांढरट गढूळ लघवी ठीक. पेस्टसारखी घट्ट लघवी ठीक नाही.

• कुंथतो पण लघवी होत नाही : आजच डॉक्टर.

• दहा-बारा तास खाल्ले नाही : आजच डॉक्टर.

• मादीच्या लघवीत रक्त : गर्भाशय तपासून घ्या.

• पोट दाबू नका, माणसाचे व गोठ्यातले औषध देऊ नका.

• गवत भरपूर, गोळी थोडी, लसूणघास रोज नको.

हे पत्रक पिंजऱ्याजवळ भिंतीला लावून ठेवा. घरात जो कोणी गवत टाकायला जातो, मग तो शाळकरी पोर असो की आजी, त्याला एकदा वाचून दाखवा. खुणा पहिल्यांदा त्याच्याच नजरेला पडणार आहेत.